डाळिंबाची घाई

"कळ्या चिमटीत धरून उघडू नका गं, उद्याचं उद्या उमलेल," असं अंगणातून ओरडणारी आई मला परवा आठवली, ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. शेजारी एक सासू आणि तिची सून लॅपटॉप घेऊन दुकानदारासमोर बसल्या होत्या.

"दादा, नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म आज पाचला बंद होतोय, आणि कुठलीही साइट उघडली की 'सुरक्षित नाही' म्हणते. सकाळी ब्राउझरसुद्धा रिसेट केला."

"तेच नडलं! हिला कशाला ना कशाला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही."

"अहो आई, ते आधीच बिघडलं होतं."

"वहिनी, ब्राउझर बिचारा निर्दोष आहे. प्रत्येक साइटच्या खरेपणाच्या सर्टिफिकेटला मुदत असते. तुमच्या लॅपटॉपची तारीख तीन वर्षं पुढे आहे, म्हणून त्याला सगळ्यांचीच मुदत संपलेली दिसते. ही घ्या, सुधारली. उघडला फॉर्म."

"सुटले बाई! पण तारीख पुढे गेली कशी? बॅटरी?"

"बॅटरी संपली की तारीख मागे जाते. पुढे ढकलायला माणूस लागतो. घरात कोण वापरतं?"

"मी, आणि... आई?"

"माझ्याकडे काय बघतेस? फॉर्म भर."

"आई!"

"बरं बाई, मीच ढकलली. ब्राउझरमधल्या त्या बागेच्या खेळात डाळिंब लावलं होतं. त्याला फळ धरायला तीन वर्षं लागतात, तेवढा दम कुणाला आहे? काल झाड नुसतं लाल झालं होतं. तुलाच दाखवायचं होतं गं, तर तू सकाळी उठून रिसेट करून सगळी बागच पुसून बसलीस."