बिननेढ्याची सुई

(लातूर. दवाखान्याबाहेरचं बाकडं. अहमदपूरचे शिंपी ईश्वरप्पा आणि त्यांची लेक मंजुश्री.)

ईश्वरप्पा : मी आत यत न्हाई म्हनलं ना. उठ. साडेअकराची अहमदपूर गाडी घावंल.

मंजुश्री : अप्पा, आता आपलाच नंबर आहे.

ईश्वरप्पा : घरी काय म्हनलीस? तोंड कोरडं पडतंय, नुसतं दाखवून येऊ. आन् इथं आल्यावर म्हनतीस, सुया हायेत.

मंजुश्री : कोरड्या तोंडासाठीच आहेत त्या.

ईश्वरप्पा : सुई म्हनजे सुई. नांदेडला बी ती नर्सबाई हसून म्हनली, मामा, सुई द्यायचीय फकस्त. सहा सुयात डोस्क्याचे केस गेले माझ्या.

मंजुश्री : ती केमो होती, अप्पा. ह्या सुया वेगळ्या. गळ्याला रेडिएशनचे तेहतीस शेक दिले, त्यात लाळेच्या ग्रंथी करपल्या. म्हणून तर भाकर ताकात कालवून गिळावी लागते तुम्हाला.

ईश्वरप्पा : परत आलंय ते.

मंजुश्री : काय?

ईश्वरप्पा : क्यान्सर. परत आलाय, आन् तू लपवून राहिली.

मंजुश्री : नाही हो! मागच्या महिन्यातच तपासलं. रिपोर्ट चांगला आहे.

ईश्वरप्पा : रिपोर्ट विंग्रजीत. वाचनार तूच.

मंजुश्री : मग शपथ घेऊ? तुमच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सांगते...

ईश्वरप्पा : हात काढ. काढ म्हनतो ना! मागल्या साली बी असाच हात ठिवलीस. म्हनलीस, अप्पा, उष्णतेनं तोंड आलंय. अठरा दिस गुलकंद खाऊन राहिलो मी.

मंजुश्री : तुम्ही घाबराल म्हणून.

ईश्वरप्पा : आन् कळलं कुनाकडनं? चहावाल्या नरसिंगाकडनं. गिऱ्हाइकाचं माप घेऊन राहिलो होतो, तर म्हनतो, अप्पा, मुंबईला दाखवा, तिथं क्यान्सर बरा होतो. टेप हातातच राह्यला. आख्ख्या गल्लीला ठावं, मलाच न्हाई.

मंजुश्री : चुकलं माझं. किती वेळा म्हणू?

डॉक्टर : (दारात येऊन) ईश्वरप्पा मामा कोण? या आत. काय, भीती वाटते का सुयांची?

ईश्वरप्पा : डॉक्टरीणबाई, आदी सुई दावा. मग बघू.

डॉक्टर : ही घ्या. सीलबंद आहे, तुमच्यासमोरच फोडते. टोक जपा.

ईश्वरप्पा : चाळीस वर्सं सुईच धरून हाय मी. मंजे, चष्मा दे... हिला नेढं न्हाई की.

डॉक्टर : दोरा कुठं ओवायचाय आपल्याला?

ईश्वरप्पा : आन् पोकळ बी न्हाई. दहा नंबरच्या सुईपरीस बारीक, पर भरीव हाय. मग औषिद कुठनं जातंय?

डॉक्टर : औषध नाहीच, मामा. हे ॲक्युपंक्चर आहे. कानाला आणि बोटांना टोचायच्या, वीस मिनिटं तशाच ठेवायच्या. काहींना लाळ सुटते, काहींना नाही सुटत. आठ वेळा यावं लागेल. तरी खात्री देत नाही मी.

ईश्वरप्पा : न्हाई सुटली तर?

डॉक्टर : तर नाही सुटली. तसं सांगेन तुम्हाला.

ईश्वरप्पा : मला? का हिला?

डॉक्टर : तोंड तुमचं आहे. तुम्हालाच सांगणार.

ईश्वरप्पा : ऐकलीस का, मंजे?

मंजुश्री : ऐकलं.

ईश्वरप्पा : बाटली दे इकडं. घोटभर पानी पितो, मग जाऊ आत. लाळ सुटली तर बरंच हाय, बाई. दोरा ओवायला बी थुकी न्हाई ह्या तोंडात. दहा महिने झाले, पेल्यात बोट बुडवून दोऱ्याला लावतो. टोक पिंजतं, नेढ्यात जात न्हाई. दोन डाव तर सुई टाकून रडलो दुकानात.

मंजुश्री : अप्पा! मला एकदाही बोलला नाहीत.

ईश्वरप्पा : तू घाबरशील म्हनून.