कड्यावरचा लाल बावटा

मंडळी, सरसावून बसा! पोरांनो, तुम्ही पुढे या – आजचं आख्यान तुमच्यासाठीच. मला सांगा, ज्या राजाचा एकही शिपाई गावात आला नाही, त्याचं राज्य गावावर येईल का? नाही म्हणता? ऐका तर!

खारवली नावाचं कोळ्यांचं गाव. समुद्रात घुसलेला कडा, कड्यावर सागाचा खांब. आभाळ फिरलं की गावच्या म्हाताऱ्या नागूबायनं त्यावर लाल बावटा चढवायचा – आणि होड्यांनी गुमान परत फिरायचं! तिचा नवरासुद्धा तिचं एवढं ऐकत नसे. हसू नका, तुमच्या घरचंही ठाऊक आहे मला!

पुढं परमुलखातली एक कंपनी आली. धक्का बांधून दिला – फुकट! टॉवर, फोन – फुकट! फोनमध्ये वारा दिसे, मासळीही दिसे. टॉवरला जागा हवी, म्हणून गावानं आपल्याच हातांनी तो खांब उपटला.

"अरे, आन् बावटा?" नागूबायनं विचारलं.

तिचाच मुलगा धाकू, होडीचा तांडेल म्हणजे म्होरक्या, हसला, "आये, आता आभाळ खिशात असतं!"

वर्षभरानं कंपनी म्हणाली, किनारा आम्हाला द्या. गाव म्हणालं, नाही! कोणी रागावलं नाही. तोफ नाही, पलटण नाही. दूर कुठंतरी थंड खोलीत कुणीतरी एक बटण दाबलं, गावचा टॉवर बंद – बस!

दुसऱ्या दिवशी धाकू आणि गोमाजी, दोघांच्या दोन होड्या समुद्रात. दुपारी पश्चिमेला आभाळ काळंकुट्ट! नागूबाय फोन लावते – लागत नाही. कड्यावर धावली – खांब कुठाय? तिथंच वाळत घातलेलं लाल लुगडं ओढलं, मागोमाग आलेल्या सुनेला म्हणाली, "धर गं ते टोक!" दोघी वाऱ्यात उभ्या!

गोमाजी ओरडला, "तांडेल, कड्यावर लाल दिसतंय! फिरव होडी!"

धाकूनं फोन पाहिला. कालचंच चित्र गोठलेलं – निळंशार. 'समुद्र शांत.'

"आयेला घाबरायची सवयच हाय रं! हे बघ, निळं हाय!"

अहो, डोक्यावर काळं, हातात निळं – आणि त्यानं हातातलं खरं मानलं! देवानं डोळे कशाला दिले होते?

गोमाजी फिरला. धाकू नाही.

सकाळी वाळूत धाकूचा फोन सापडला. प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडा. अजून निळा – 'समुद्र शांत'!

मग कंपनीचा माणूस आला, हात जोडून, गोड आवाजात. "किनाऱ्याच्या कागदावर सही करा, टॉवर लगेच सुरू करतो." एकाचा हात पेनाकडे गेलासुद्धा!

नागूबाय उठली. "सही मागाहून. माझा खांब कुठं टाकलात, ते आधी सांगा."

मंडळी, कोणालाच आठवेना!

पोरांनो, राजा गावात आला होता का? थांबा, मोठ्यांनाच विचारतो. फोन खिशात राहू द्या, आणि सांगा – आत्ता वारा कुठून वाहतोय?

...अहो, हात खिशाकडे का चाललाय?