पहिला भाग संपेपर्यंत

जमलेल्या सर्वांना नमस्कार.

मला बोलायला उभं केलंत, पण बोलवत नाही. काल तेरवी झाली, जेवणं झाली, आता रडू ओसरायला हवं होतं. ते ओसरलेलं नाही. म्हणून शोकाचं नंतर बोलते. आधी एका दुपारचं सांगते.

पंचवीस वर्षांपूर्वीची दुपार. तेव्हा आपल्या प्रताप नगरात घरं कमी आणि मोकळे प्लॉटच जास्त होते. मी नुकतीच इथे राहायला आले होते. दही लावायला विरजण नव्हतं, म्हणून वाटी घेऊन शेजारच्या घरी गेले. दार उघडं होतं. खिडकीत रेडिओ आणि रेडिओला कान लावून बसलेली एक बाई. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं हात वर केला. थांब. मग खाली बोट दाखवलं. बस. मी बसले. रेडिओवर एका कुटुंबाची श्रुतिका चालली होती. त्या मालिकेचा तो पहिलाच दिवस होता. ती संपेपर्यंत मी मांडीवर वाटी धरून बसून राहिले. संपल्यावर ती वळली आणि म्हणाली, "काय पाहिजे वं बाई तुले?"

मी म्हटलं, "विरजण."

"मंग इतका वेळ बोलली काहून नाही?"

ही आपली सुभद्रा. सुभद्राकाकू म्हणता तुम्ही तिला. माझी ती सुभद्राच.

मी कॉन्व्हेंटात शिकले. आमच्याकडे सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं की सबंध वर्ग चिडीचूप व्हायचा. मला वाटलं होतं, ते दिवस संपले. इथे येऊन पाहते तर शेजारीच हेडमिस्ट्रेस! तिला मी तसं सांगितलंही. त्या दिवसापासून मी तिची 'कान्वेंटवाली' झाले, ती शेवटपर्यंत.

पण मंडळी, ती गप्प का बसवायची, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मलाही फार उशिरा कळलं.

ती कुहीकडची. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या शेतांत वाढलेली. लहान वयात लग्न होऊन सासरी आली, तेव्हा घरात पन्नास माणसं आणि कुणी तिला सांगितलं नाही की कोण कोण आहे. आत्याला ती मोलकरीण समजली. दिराला जेवायला वाढलं आणि सासऱ्याला विसरली. लोक हसले. मग महिनोन्महिने ती बोललीच नाही. चुकेल म्हणून. मला म्हणाली होती, "पहिल्या दिवशी कोन कोनाचं कोन लागते थे सांगतलं असतं नं वं, तं मी अशी मुकी नसती झाली. म्हनून पहिला भाग नीट आयकाव. थो चुकला का पुढचं सारं चुकते."

म्हणून ती शिस्त. कोणतीही नवी मालिका असो, पहिला भाग सगळ्यांनी एकत्र ऐकायचा आणि तो संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. दुसऱ्या भागाला बोला, भांडा, शेंगा फोडा. पहिल्याला नाही.

आणि मालिका सुरू झाली त्या दिवसाचा वाढदिवस करायचा! रेडिओवरच्या त्या मालिकेला दहा वर्षं झाली तेव्हा तिनं गल्लीभर शिरा वाटला. मी म्हटलं, "अगं, ती मालिका केव्हाच बंद पडली." तर म्हणते, "बंद पडली तं का झालं? मानूस गेल्यावर जयंती नाही करत का लोकं?"

मी विचारलं, "स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस कधी केलास का?"

"लग्न कोन्या सालात झालं थे मले कोनी सांगतलं नाही. हे मातर माह्या कानासमोर सुरू झालं."

आठवतं ना, टीव्ही आला तो दिवस? तिचे मिस्टर तोवर गेले होते. गिरणीतले त्यांचे पैसे आले आणि तिनं कुणाला, पोटच्या प्रकाशलाही न विचारता टीव्ही आणला. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, कुलूप लागणारा. प्रकाश, तू गच्चीवर अँटेना फिरवत होतास. तू वरून ओरडायचास, "आलं का?" आम्ही खालून ओरडायचो, "आलं! आलं! गेलं!" मग पहिली मालिका सुरू व्हायच्या आधी तिनं दार लावलं, दिवा मालवला आणि सगळ्यांना बजावलं, "आता कोनी बोलाचं नाही. घराले आग लागली तरी पहिला भाग झाल्यावर सांगजा. मंग इझवू."

आपण हसलो होतो. किती हसलो होतो.

आता मंदाबद्दल बोलते. मंदा, मान खाली घालू नकोस. तुझ्याबद्दल वाईट बोलायला मी उभी नाही.

मंदा काटोलची, संत्रीवाल्यांची पोर. प्रकाशशी लग्न होऊन ती आली त्या संध्याकाळी सुभद्रानं काय केलं? टीव्ही बंद केला, त्याला कुलूप घातलं आणि सुनेला शेजारी बसवून एकेका माणसाची ओळख करून दिली. "हे तुही आत्यासासू, हिच्या चहात साखर जास्त लागते. हा तुहा चुलतसासरा, ऐकू कमी येते, पन चुगली बरोब्बर ऐकू येते. आन हे कान्वेंटवाली. बोलते गोड, पन विरजण नेऊन वापस नाही करत." मंदा हसली होती. सासरी आलेली मुलगी पहिल्याच दिवशी हसली, मंडळी. सुभद्राला जे मिळालं नव्हतं, ते तिनं मंदाला दिलं. त्यानंतर त्या दोघी कशा मायलेकींसारख्या राहिल्या, ते आपण पाहिलं आहे.

आणि आता ती संध्याकाळ.

त्या दिवशी दोन वाढदिवस एकदम आले होते. रेडिओवरच्या तिच्या मालिकेला पंचवीस वर्षं आणि तिच्या घरातल्या टीव्हीवरच्या पहिल्या मालिकेला पाच. नेमकी त्याच संध्याकाळी एक नवी मालिका सुरू होणार होती. तिला केवढा आनंद झाला होता! माहेरच्या तांदळाची खीर केली. काटोलहून संत्री आली, ती मंदानं आधीच सोलून ठेवली, नंतर आवाज नको म्हणून. सतरंजीवर आपण सगळे दाटीवाटीनं बसलो. सुभद्रा वेताच्या खुर्चीत. मंदा तिच्या पायाशी. मी मंदाच्या मागे. दार लावलं. दिवा मालवला.

गेले तेरा दिवस या गल्लीत एक वाक्य फिरतं आहे. नळावर फिरतं आहे, स्वयंपाकघरात फिरतं आहे. काल जेवणाच्या पंगतीतही मी ते ऐकलं. "सून पायाशी बसली होती, तिला कळलं नाही?" कुणी म्हणालं, "टीव्हीतून डोकं वर काढलं असतं तर." मी नावं घेणार नाही. पण मी तिथे होते. मंदाच्या मागे होते. म्हणून मी काय पाहिलं, ते आज सगळ्यांसमोर सांगते.

मालिका सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. सुभद्राचा हात खुर्चीवरून सुटला आणि मंदाच्या खांद्यावर पडला. मंदानं लगेच वळून पाहिलं. लगेच. आणि विचारलं, "आई, काय होऊन राहिलं तुमाले?"

तेव्हा काय झालं, मंडळी?

आपण सगळे म्हणालो, "शूऽऽ!"

सगळी खोली म्हणाली. पुढचे म्हणाले, दाराशी बसलेले म्हणाले. कुणी तरी वर म्हणालं, "पहिला भाग आहे वं, मंग बोल." मंदा तरीही अर्धी उठली होती. तेव्हा सुभद्रानं स्वतः तिचा पदर धरला आणि तिला खाली बसवलं. ओठांवर बोट ठेवलं. पडद्याकडे दाखवलं. तसंच, जसं पंचवीस वर्षांपूर्वी मला दाखवलं होतं.

मंदा बसली. तिनं सासूचं ऐकलं. आपलंही ऐकलं. हाच तिचा गुन्हा.

भाग संपला. दिवा लागला. आपण सगळे एकदम बोलायला लागलो. ही कोण, तो कुणाचा मुलगा, धाकटी सून कोणती. प्रकाशनं खिरीच्या वाट्या आणल्या आणि विचारलं, "आई, कसा वाटला?"

उत्तर आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी थांबलं. लगेच नेलं असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता. कदाचित. हा शब्द मी रोज उलटसुलट करून पाहते. त्याच्या आत दुसरा कदाचितही आहे, हे मला कळतं. तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्याच्यासकट आपल्याला जगायचं आहे. आपल्याला म्हणजे आपल्या सगळ्यांना. एकट्या मंदाला नाही. जे ओझं एवढ्या माणसांनी मिळून उचलायचं, ते तुम्ही एका मुलीच्या डोक्यावर ठेवून घरी जेवायला कसे गेलात?

मंदा त्या संध्याकाळपासून बोललेली नाही. तुमच्यापैकी कुणाशीच नाही. तिचा भाऊ काटोलहून आला आहे. तो मांडवाच्या त्या खांबाशी उभा आहे आणि त्याच्या पायाशी मंदाची पेटी आहे. ही सभा संपली की ते बस स्टँडवर जाणार आहेत.

प्रकाश, तू माझ्यासमोर लहानाचा मोठा झालास, म्हणून विचारते. तू तिच्याशी का बोलत नाहीस? काल मी विचारलं तर म्हणालास, "मावशी, काय बोलू? कुठून सुरू करू?" अरे, तुझ्या आईनं आयुष्यभर तेच तर शिकवलं, कुठून सुरू करायचं ते.

मंदा, तुला जायचं असेल तर जा. माहेर आहे ते तुझं. पण हे ओझं घेऊन जाऊ नकोस. एवढंच माझं मागणं आहे.

शोकसभेच्या शेवटी मौन पाळतात. मंडळी, मी तुम्हाला मौन मागणार नाही. त्या संध्याकाळी आपण फार मौन पाळलं. आज उठा. एकेक जण मंदाजवळ जा, आपलं नाव सांगा आणि आपण तिचे कोण लागतो, ते सांगा. सुभद्रानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ते आपण पुन्हा सांगू. पुढचं काय बोलायचं, ते तिथे उभं राहिल्यावर सुचेल. नाही सुचलं तर हात धरा.

आता सुभद्राच्या वस्तूंचं. वाढदिवसाच्या तयारीत खीर ढवळता ढवळता तिनं मला हे सांगितलं होतं. मी तिला रागावले होते. ती म्हणाली, "आयकून तं घे वं, पहिलाच भाग आहे हा बी."

सतरंजी गल्लीची. ती गणपतीच्या मांडवात अंथरायची. खिरीचं पितळी पातेलं मंदाच्या आत्यासासूकडे जाईल. आत्याबाई, ती म्हणाली होती, साखर तुमच्या मनासारखी घाला. वेताची खुर्ची प्रकाशची. प्रकाश, ती रिकामी ठेवून तिला हार घालू नकोस. तीत बसत जा.

रेडिओ माझ्याकडे. "बंद आहे, म्हनून त्याच्यावरून भांडन नाही होनार," असं म्हणाली होती.

आणि ही किल्ली. टीव्हीच्या दारांची. ती कमरेला खोचून ठेवायची. शेवटची आंघोळ घालताना बायकांनी काढली आणि माझ्या हातात दिली. गेले तेरा दिवस ती माझ्या पदराच्या गाठीला आहे. हिच्याबद्दल सुभद्रा एवढंच बोलली. "किल्ली मंदाची. उघडाचं का बंद ठेवाचं, थे तिनं ठरवाव. कोनी तिले शू म्हनाचं नाही."

सुभद्रे, माझा शेवटचा नमस्कार घे. तुझ्या विरजणाची वाटी अजून माझ्या फडताळात आहे.

मंदा, ये अशी पुढे. आधी मीच सुरुवात करते. मी शेजारची कान्वेंटवाली. विरजण नेऊन परत न करणारी. मी तुझी मावससासू लागते. हात पुढे कर, किल्ली घे.