बारा महिने चोखी सून

मी धानोऱ्याची, दिली इकडे कोरीटला, घरीच शिलाई मशीन चालवते. तर काय सांगू ताई तुम्हाला, माझी पाळी लग्नाआधीपासूनच चार-चार महिने यायची नाही आणि सासूबाईंना वाटायचं, सून नशिबानं मिळाली. म्हणजे बघा, पाळी असली की पापडाला हात नाही, लोणच्याला नाही, श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटाजवळ, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांजवळ, तर सावलीसुद्धा नाही, हा आमच्याकडचा कायदा, आणि मी सहसा बाजूला बसायचीच नाही. मन्ही सून बारा महिने चोखी शे, असं सासूबाई गल्लीभर सांगायच्या. मग काय, उन्हाळा लागला की कुणाचे पापड, कुणाच्या कुरडया, बोलवा हिला. आजार माझा आणि सोय गल्लीची!

हनुवटीवर केस आले, ते मी दोऱ्यानं काढायची. मान काळी पडली, तर सासूबाई बेसन लावून अशी घासायच्या, पितळी तांब्या बरा. वजन वाढलं तर बाया पोटाकडे बघून, कितवा महिना व?

मग एकदा गावात सरकारी दवाखान्याचं काम बघणारी आशाताई ब्लाउज शिवून घ्यायला आली, माप देता देता विचारलं, पाळी कधी आली होती. मी म्हटलं, संक्रांतीला. आणि हे बोलताना दारात तर आंबेवाली उभी होती. आशाताई तशीच मला नंदुरबारला घेऊन गेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पीसीओएस आहे, हार्मोनचं बिघडलंय, मूल होणारच नाही असं काही नाही, पण पाळी अशी लांबू द्यायची नाही, पिशवीला धोका असतो, साखरही तपासत राहायची. गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, गोड कमी. हे कायमचं जात नाही, सांभाळायचं असतं. मी शेताच्या रस्त्यानं चालायला लागले तर लोक विचारायचे, काय हरवलं व? सासूबाईंना एकच काळजी, आते मन्हा रोट कोन लाटी?

आणि नेमकं कानबाईच्याच दिवशी, पीठ मळायला बसले आणि पाळी आली. नवरा हळूच म्हणाला, सांगू नको, कोण बघतंय. मी म्हटलं, आजार लपवला, आता बरं होणंही लपवू? आणि ओरडलेच, आई, मला पाळी आली! सासूबाईंच्या हातातली चाळणी तशीच राहिली. म्हणाल्या, आजच?

मग मी उंबऱ्याशी बसले, त्या लाटायला बसल्या. पाच वर्षं लाटणं हाती घेतलेलं नाही. पहिला रोट फाटला, दुसरा फाटला, तिसरा पोळपाटालाच चिकटला. पाहुणे दारात. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ये व, हात धुई ले, कानबाई बी बाईच शे.

कानबाईनं कुणाचं काही वाकडं केलं नाही, रोट मात्र फुगले. आता पापडाला पोरी जमल्या की सासूबाई भर ओट्यावर विचारतात, तुन्ही तारीख कधी व? बाजूला बसवायला नाही हं, कुणाची लांबली तर नाही ना, ते बघायला. पोरी लाजून चूर, पण सांगतात. तुमच्याही घरी लेकीबाळी असतील ताई, त्यांना विचारा. सगळ्यांची पाळी वेळेवर येवो, आणि बाजूला कुणी न बसो.