चौथा चौकोन

(शाळा सुटली आहे. शिक्षकांच्या खोलीत दोघीच. तिसरीच्या बाई पंधरवड्याच्या रजेवरून आजच परतल्या आहेत. त्यांचा वर्ग तोवर चौथीच्या बाईंकडे होता.)

चौथीच्या बाई : ...अगं, टाळ्या ऐकायला हव्या होत्यास तू! मागच्या रांगेतले एक आजोबा चक्क डोळे पुसत होते. आणि तू सकाळपासून तोंड फुगवून बसलीयस.

तिसरीच्या बाई : शेवट कुणी बदलला?

चौथीच्या बाई : बदलला कुठे? शेवट होताच कुठे! फळ्यावर तुझे ते चार चौकोन. ‘कोण आहे’, ‘काय हवंय’, ‘अडलं कुठे’ हे तीन भरलेले आणि चौथा कोरा. शुक्रवारी पालक येणार, मोठ्या बाईंनी कार्यक्रम माझ्या गळ्यात घातलेला. अर्धी गोष्ट दाखवू का लोकांना?

तिसरीच्या बाई : कोरा मी ठेवला होता. मुलांना सांगून. म्हटलं, आईचं ऑपरेशन उरकून येते, तोवर डोकं चालवा. अस्वलाच्या पिल्लाला बाबा हवाय, बाबा डोंगरापलीकडे गेलाय. आता पिल्लू काय करेल?

चौथीच्या बाई : काय करेल म्हणजे? बाबा परत येईल! गोष्टीत गाठ पडली की सुटायला हवी, हे तूच शिकवतेस ना? मी तेच सांगितलं पोरांना. शेवटी सगळं गोड होतं, झालं.

तिसरीच्या बाई : मी असं शिकवत नाही. मी म्हणते, शेवटी काहीतरी बदलतं. कधी गाठ सुटते, कधी गाठीसकट चालायला जमतं.

चौथीच्या बाई : तिसरीच्या पोरांना हे कळतं होय? एकाला तर गुहेत रॉकेट आणायचं होतं.

तिसरीच्या बाई : रॉकेटवाल्याला नसेल कळलं. त्या अबोल पोरीला, चिमणीला, कळलं होतं. मी जायच्या आदल्या दिवशी कानाशी येऊन म्हणाली, ‘बाई, पिल्लू आधी रोज डोंगराकडे बघतं, मग एक दिवस बघायचं विसरतं, असं चालेल?’ मी म्हटलं, पळेल. वर्गाला तूच सांग.

चौथीच्या बाई : ...हे मला काय माहीत?

तिसरीच्या बाई : एवढं नव्हतं माहीत. पण तिचा बाप घर सोडून गेलाय, हे माहीत होतं. मी सांगितलं होतं. ह्याच टेबलाशी. म्हटलं होतं, हे तुझ्यामाझ्यात, फक्त तिला जप.

चौथीच्या बाई : मग जपलंच की! नाटकात पिल्लाचं काम तिलाच दिलं. कधी तोंड न उघडणारी पोर स्टेजवर उभी केली मी.

तिसरीच्या बाई : तिलाच का?

चौथीच्या बाई : का म्हणजे... शोभेल असं वाटलं म्हणून.

तिसरीच्या बाई : मुलं सांगतात, तू तालमीला म्हणालीस, ‘हिला रडू खरंखुरं येईल.’

चौथीच्या बाई : अगं, बोलण्याच्या ओघात... आपण नाही का बोलत? आणि आलंच की खरं रडू. बाबा अस्वलाला अशी मिठी मारली तिने, की तो मुलगा पडता पडता वाचला.

तिसरीच्या बाई : आज ती शाळेत नव्हती.

चौथीच्या बाई : ताप असेल. हवा बदललीय.

तिसरीच्या बाई : ताप नाही. तिची आई फाटकाशी भेटली मला. शुक्रवारपासून पोर संध्याकाळी बूट घालून जिन्यात बसते. आईने विचारलं तर म्हणते, ‘शाळेत शिकवलंय, शेवटी परत येतात.’ काल आईने रागाच्या भरात सांगून टाकलं, तो येणार नाही, त्याने दुसरं घर केलंय. तेव्हापासून जेवलेली नाही.

चौथीच्या बाई : अरे देवा... मला खरंच... माझ्या मनात वाईट नव्हतं गं. तुझ्या गळ्याची शपथ.

तिसरीच्या बाई : नसेलही. तुला टाळ्या हव्या होत्या, आणि त्या कुठे मिळतील हे मी तुला सांगून ठेवलं होतं.

चौथीच्या बाई : चल, आत्ता जाऊ तिच्याकडे. मी समजावते तिला. म्हणेन, ती नुसती गोष्ट होती.

तिसरीच्या बाई : मधल्या सुट्टीत जाऊन आले मी.

चौथीच्या बाई : बोलली?

तिसरीच्या बाई : दारातच उभी होती. म्हणाली, ‘तुम्ही असता तर असाच शेवट केला असतात?’ मी म्हटलं, नाही.

चौथीच्या बाई : मग?

तिसरीच्या बाई : मग विचारलं, ‘त्या बाईंना आमच्या घरचं कुणी सांगितलं?’

चौथीच्या बाई : ...काय सांगितलंस?

तिसरीच्या बाई : खरं तेच. मी.

चौथीच्या बाई : आणि ती?

तिसरीच्या बाई : ‘बरं’ म्हणाली. आणि दार लावून घेतलं. आपटलंसुद्धा नाही गं.