मिश्रीची डबी

इस्पितळातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून माझी दाढ दुखत होती. महिन्याने बोईसरला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. शेजारी जवळच्याच माहीम गावची एक मासेवाली आणि तिची संशोधक मुलगी बसली होती.

“आये, हिरड्या सडवणारे जंतू मांस विरघळवणारं एन्झाइम सोडतात. त्यातला एक जंतू शेजाऱ्याच्या एन्झाइमला अडवायला स्वतःचं प्रथिन बनवतो. त्याचा आकार आमी शोधला.”

“म्हंजे जंतूला पन शेजाऱ्याची धास्ती!”

“जंतू पन स्वतःला जपतो. तू मातर दातांना तंबाखूची मिश्री घासतेस.”

“सकाळी मिश्री नाय लावली तं टोपली उचलवत नाय.”

“तीन दात गेले. उरलेले तरी राहू देत.”

“बरं, सोडते.”

“मग कनवटीतली डबी दे.”

“उद्या देते.”

माझ्या बायकोची मिश्रीची डबी मोरीच्या फळीवर आहे. मी ती अजून टाकलेली नाही.