ठराव क्रमांक एक्केचाळीस

सन्माननीय नगराध्यक्षा ताई, मुख्याधिकारी साहेब, व्यासपीठावरील माजी अध्यक्ष महोदय, सर्व नगरसेवक, कचेरीतले माझे सोबती, गावकरी बंधुभगिनींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी थोरली बहीण. तिला मी घरून निघतानाच शब्द दिलाय की लांबण लावणार नाही.

आधीच्या वक्त्यांनी इतकं कौतुक केलं, की मला वाटलं निवृत्तीचा सत्कार दुसऱ्याच कुणाचा चाललाय. आरोग्य निरीक्षक म्हणाले, "चौतीस वर्षं सभेचं इतिवृत्त लिहिलं, पण यांचा एक कानामात्रा चुकला नाही." कानामात्रा खरंच नाही चुकला. त्याबद्दलच थोडं बोलायचंय.

मी रुजू झालो तेव्हा ही नगरपालिका म्हणजे तीन खोल्या, एक रोडरोलर आणि गळकं छप्पर. त्यानंतर सात अध्यक्ष आले नि गेले, टाइपरायटर गेला, संगणक आला. सभेतली भांडणं मात्र तीच: पाणी, गटार, दिवे. हसा, हसा. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच व्हायचंय!

माझ्यामागे तुम्ही मला "मोजणीदार" म्हणता, ठाऊक आहे मला. ठराव मंजूर झाला की मी लगेच लिहीत नाही. एकेक चेहरा बघतो आणि पुन्हा विचारतो, "कुणाचा विरोध?" एक अध्यक्ष वैतागून म्हणाले होते, "अहो, सगळे गप्प आहेत ना? मग लिहा की!" त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष. अजून कायम झालो नव्हतो, त्याच महिन्यात व्हायचा होतो. सभेपुढे विषय आला, ठराव क्रमांक एक्केचाळीस: बाजारातल्या जुन्या पाण्याच्या टाकीखाली गाळे बांधणे. तेव्हा एकोणीस सभासदांत एकच बाई होत्या. शिवणकाम करायच्या. सगळे त्यांना शिलाईवाल्या बाई म्हणत. अध्यक्ष "मंजूर?" म्हणाले, आणि खिडकीजवळची लोखंडी खुर्ची करकरली. बाई उभ्या राहिल्या होत्या.

म्हणाल्या, "टाकी पाझरतेय. मी रोज तिथून जाते, खांबाला हात लावला की ओला होतो. आधी तपासून घ्या. नाहीतर माझा विरोध लिहा."

कुणीतरी म्हणालं, "बाई, खांबाचं माप घेतलंत की काय?" सगळे हसले. मीही हसलो. बाई बसल्या, आणि पुन्हा उठून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, लिहिताय ना?"

मी मान डोलावली.

सभा संपल्यावर अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "सर्वानुमते लिहा. एका शंकेपायी वरची मंजुरी अडकायला नको." ते गृहस्थ आज हयात नाहीत, म्हणून सगळं त्यांच्या माथी मारणार नाही. सांगणारे ते, पण लिहिणारा हात माझा. पुढच्या सभेला बाई आजारी होत्या आणि इतिवृत्त कायम झालं. तसा मीही कायम झालो.

चौदा महिन्यांनी, भर दुपारी, टाकी गाळ्यांवर कोसळली. घड्याळं दुरुस्त करणारा, भांडीवाला आणि त्याची सून. तिघं गेली. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी ते ढिगारे हातांनी उपसलेत.

मग चौकशी आली. इतिवृत्त वाचलं गेलं: सर्वानुमते. बाकीचे अठरा जण एकमेकांच्या आडोशाला उभे राहिले. बाई एकट्या सांगत फिरल्या, "मी विरोध केला होता." लोक म्हणाले, आता उलटली. घड्याळवाल्याच्या भावाने त्यांच्या दारात येऊन वाट्टेल ते ऐकवलं. बायकांनी अर्धवट शिवलेले कपडेसुद्धा परत नेले.

एकदा त्या कचेरीत आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तोंडावर थुंकतील. पण अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मी उठले होते की नाही, एवढंच सांगा. आता माझी मलाच खात्री वाटेना."

मी म्हणालो, "बाई, मला आठवत नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

या सभागृहात आता गाद्यांच्या खुर्च्या आहेत, करकरत नाहीत. तरी प्रत्येक सभेत, "मंजूर?" म्हटलं की मला ती खुर्ची ऐकू येते. मी मान वर करतो. खिडकीपाशी दुसरंच कुणी बसलेलं असतं. म्हणून मी मोजतो, मंडळी.

बाई वारल्या त्याला अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी त्यांच्या मुलीकडे गेलो. तीही शिवणकामच करते. मी सगळं सांगून होईपर्यंत तिने मशीन थांबवलं नाही. मग म्हणाली, "आई शेवटपर्यंत विचारायची, मी उठले होते ना गं? आम्ही हो म्हणायचो. पण काका, आम्ही कुठे होतो तिथे?"

मी तिला आजच्या समारंभाला बोलावलं. ती म्हणाली, "मी नाही येणार. मी आले तर तुम्ही माझ्याकडे बघून बोलाल. गावाकडे बघून बोला."

म्हणून तुमच्याकडे बघून सांगतो. त्या उठल्या होत्या. एकदा नव्हे, दोनदा. टाकी पाझरते म्हणाल्या होत्या. विरोध लिहा म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं, आणि मला रोज आठवत होतं.

मुख्याधिकारी साहेब म्हणतात, कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही. नियम मलाही पाठ आहे. तरी माझा लेखी जबाब मी सकाळी आवक टेबलावर दिला आहे. त्याचं काय करायचं ते आपण ठरवा.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आज वेळात वेळ काढून आलात, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. "सर्वानुमते" या एका शब्दाबद्दल मात्र मला कुणीही माफ करू नये. तो अधिकार जिचा होता, तिला मी "आठवत नाही" म्हणून परत पाठवलं.

नमस्कार.